नवरदेव भ्याला नव्हता

“आमच्या आजोबांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नवरदेवाला अंतरपाटासमोर उभं केलं, पलीकडून नवरीच्या बांगड्या वाजल्या, आणि हा गडी भीतीनं जो कोसळला तो थेट भटजींच्या मांडीवर. मग डॉक्टर बोलावून सुई टोचावी लागली, तेव्हा कुठं लग्न लागलं.”

ही कथा माझ्या पत्नीच्या मामांच्या नातवाने गेल्या उन्हाळ्यात रिसोडच्या एका मंगल कार्यालयात, ध्वनिक्षेपक हाती घेऊन, जेवणाऱ्या पंगतींना ऐकवली. पंगती हसल्या. कथेतला नवरदेव मी आहे, आणि मी त्या वेळी पहिल्याच पंगतीत मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून बसलो होतो. माझ्या शेजारी बसलेली कथेतली नवरीही हसली. तिचे मी मनावर घेत नाही. ती या कथेवर आयुष्यभर हसत आली आहे आणि तिच्या हसण्याला पुराव्याचे मोल नाही. परंतु नातवाचे विधान सार्वजनिक होते, तेव्हा त्याचे खंडनही सार्वजनिकच झाले पाहिजे.

प्रथम किरकोळ चुका निकालात काढतो. मी अंतरपाटासमोर पडलो नाही. अंतरपाट त्या वेळी पेटीतून बाहेरही निघाला नव्हता. मी आंघोळीच्या पाटावर पडलो. भटजींच्या मांडीवर पडणे तर अशक्यच होते, कारण भटजींची बैलगाडी अजून गावात पोहोचायची होती. बांगड्यांचा आवाज मी ऐकला नाही, आणि ऐकला असता तर तो मला आवडला असता. राहिली सुई. ती मला काही देण्यासाठी टोचलेली नव्हती, माझ्याकडून काही घेण्यासाठी टोचलेली होती. हा फरक ज्याला कळत नाही त्याने ध्वनिक्षेपकाला हात लावू नये.

आता मुख्य विषय. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. आमचे घर जऊळक्याचे आणि मुलगी केनवडची. माघ महिना होता. आम्ही वऱ्हाडासह बैलगाड्यांतून आदल्या दिवशी केनवडला उतरलो, आणि त्याच संध्याकाळी मला हळद लागली. हळद लागलेल्या नवरदेवाला वारा लागू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा कडक दंडक. तो उंबऱ्याबाहेर एकटा जात नाही, त्याच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार असते, आणि त्याच्यावरून वाऱ्याची झुळूक गेली तर त्याचे आणि त्याच्या होणाऱ्या संसाराचे काय काय होते याची यादी माझ्या आत्याला तोंडपाठ होती. शिवाय वेळ आणि थंडी तिच्या बाजूने होती. मुलीकडच्यांनी मला जी खोली दिली तिला एक झरोका होता. आत्याने त्यात गोणपाट कोंबले. दाराच्या फटीत जुन्या धोतराच्या चिंध्या ठासल्या. कौलातून एक चांदणी दिसत होती; तिथेही तिने एका गड्याला वर चढवून कडब्याची पेंढी बसवली. एवढे झाल्यावर थंडी वाजू नये म्हणून मुलीकडच्यांनी लोहाराकडून कोळसे आणून एक भलीमोठी शेगडी पेटवली आणि ती माझ्या उशाशी ठेवली. शेगडीला धूर नव्हता, म्हणून सर्वांनी कोळशाचे कौतुक केले.

त्या खोलीचा भूगोल वाचकाने ध्यानात घ्यावा. तिला पुढे ओसरी होती. नवरदेवाच्या सोबतीला झोपण्याचा मान माझ्या चुलतभावाचा. परंतु ओसरीवर पत्त्यांचा डाव रंगला आणि तो मान त्याने डावावरच सोडून दिला. खोलीला मागच्या बाजूने दुसरे दार होते. ते कोठीघरात उघडत असे. कोठीघरात लग्नाचे लाडू, शेव, तूप आणि गूळ ठेवलेला, आणि त्यावर रात्रभर पहारा करण्याचे काम पत्नीच्या मामांनी स्वतः मागून घेतलेले. किल्ल्या त्यांच्या करदोट्याला. मामा तेव्हा ऐन उमेदीत, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार.

झोपण्यापूर्वी मुलीकडून मसाल्याचे दूध आले. ते मी प्यायलो. दूध उत्तम होते.

पहाट झाली तेव्हा माझ्या डोक्यात कोणीतरी उखळात ज्वारी कांडत होते. पायांना मी उठण्यास सांगितले तर ते दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वागले. आत्याने मला दोन्ही काखांत धरून अंगणात आणले, आंघोळीच्या पाटावर बसवले, आणि सुवासिनींनी पहिला तांब्या डोक्यावर ओतण्यापूर्वीच मी डावीकडे कलंडलो. कट्यार एकीकडे पडली. लिंबू घरंगळत माझ्या भावी सासूबाईंच्या पायाशी जाऊन थांबले. हे लिंबाचे नातवाच्या कथेत येत नाही, यावरूनच त्याच्या आजोबांचे लक्ष त्या वेळी कुठे होते ते समजावे.

मी शुद्धीवर आलो तोपर्यंत अंगणात दोन पक्ष तयार झाले होते.

पहिला पक्ष माझ्या वडिलांचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दुधात काहीतरी घातले. कोणी, कशासाठी, याची त्यांना फिकीर नव्हती. मुलगा दूध प्यायला आणि पडला, एवढे त्यांना पुरे होते. त्यांनी गडी पाठवून बैल सोडून आणायला सांगितले. वऱ्हाड परत जाणार होते. हळद लागलेली मुलगी मांडवात सोडून वऱ्हाड परत गेले, आणि तेही तिच्या घरी विषबाधा झाली असे म्हणत, तर त्या मुलीला पुढे कोण करून घेणार, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होते. मलाही कळत होते. मी तिला एकदाच पाहिले होते, बघायला गेलो तेव्हा, आणि त्यानंतर मला दुसरी कोणी नको होती. परंतु माझी जीभ टाळूला चिकटलेली होती आणि डोक्यातले कांडप चालूच होते.

दुसरा पक्ष मामांचा. त्यात ते एकटेच होते, पण आवाजामुळे पक्ष मोठा वाटत होता. डोक्याला उपरणे गच्च आवळून बांधलेले, चेहरा लाल, एका हाताने मांडवाचा खांब धरलेला. ते म्हणाले, “दूधबिध काही नाई. पोरगं भेलं. लग्नाचा धसका घेतला त्यानं. तोंडावर पाणी मारा आन् बसवा पुन्हा पाटावर.”

वडील म्हणाले, “माहा पोरगा वाघाले भेत नाई.”

“वाघासंगं लगन लावायचं अस्तं तर नसता भेला.”

बायका पदराआड हसल्या. माझ्या नावाला जो बट्टा लागला तो त्याच क्षणी लागला, आणि तो लावणारा मनुष्य खांब धरून उभा होता हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

तेवढ्यात माजघराच्या दारात ती आली. हळदीने पिवळी, कपाळावर मुंडावळ्यांची खूण, आणि संताप इतका की थोरांसमोर बोलू नये हे ती विसरली होती. ती माझ्या वडिलांना म्हणाली, “दूध मीच ढवळलं होतं. उरलेलं मीच पिली. मी तं उभी हाय.”

वडिलांनी वर न पाहता विचारले, “पितांना कोणी पाह्यलं?”

कोणी पाहिले नव्हते. ती आत गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज रस्त्यावर येऊ लागला होता.

त्या दिवशी केनवडचा बाजार होता, आणि बाजाराच्या निमित्ताने रिसोडच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर देवीची लस टोचायला चावडीवर येऊन बसले होते. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्याकडे धाव घेतली. सासरे मोठे सात्त्विक गृहस्थ. ते डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा धोतराचा सोगा हातात आणि एक पायताण वाटेत राहिलेले. डॉक्टर नागपुरात शिकलेले. त्यांनी माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले, माझ्या गालाचा रंग पाहण्याचा प्रयत्न केला; परंतु गालावर हळदीचा थर असल्याने त्यांना तो दिसेना. मग ते खोलीत गेले आणि बराच वेळ आतच उभे राहिले. कोंबलेला झरोका, चिंध्या, पेंढी, शेगडी हे सारे पाहून ते बाहेर आले ते अगदी प्रसन्न चेहऱ्याने. रोग्यापेक्षा रोग पसंत पडल्यावर डॉक्टर लोकांचा असा चेहरा होतो.

त्यांनी सांगितले की कोंडलेल्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला ना धूर, ना वास. तो श्वासातून रक्तात जातो आणि तिथे ठाण मांडून बसतो. रक्त मग स्वच्छ हवेला जागाच देत नाही. असे रक्त ओळखता येते. थोडे रक्त पाण्यात मिसळायचे आणि त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण टाकायचे. साधे रक्त लगेच हिरवट तपकिरी पडते. वायू भिनलेले रक्त गुलाबीच राहते.

माझ्या वडिलांनी विचारले की हा प्रयोग तुम्ही पूर्वी केला आहे का. डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, “कॉलेजात, न्यायवैद्यकाच्या तासाला केला आहे. पण तो बहुधा मृताच्या रक्तावर करतात.”

“म्हंजे तो मरेपर्यंत थांबायचं काय आमी?”

डॉक्टर म्हणाले की थांबण्याची गरज नाही, आणि बॅगेतून काचेच्या नळ्या काढू लागले. कॉस्टिक सोडा मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो बाजारात एका मुसलमान दुकानदाराकडे मिळाला. कपड्यांचा साबण घरी करणारे लोक त्याच्याकडूनच तो घेत. डॉक्टर स्वतः येऊन इतका थोडा सोडा मागत आहेत हे पाहून त्याला राहवले नाही, आणि दुकान शेजाऱ्याच्या हवाली करून तो स्वतःच पुडी घेऊन आला. वाटेत डॉक्टरांना म्हणाला, “कपडेच धुवायचे असतीन तं माह्यापाशी तयार साबण हाय डाक्टरसाब. हे कायले?” प्रयोग संपेपर्यंत तो हलला नाही. त्याने आपला माल इतक्या मानाने वापरलेला पूर्वी पाहिला नव्हता.

पहिली नळी माझ्या रक्ताची. डॉक्टरांनी बोट स्पिरिटने पुसले, पुन्हा पुसले, सुई टोचली. नळीतले पाणी फिके लाल झाले. सोडा पडला. सारे अंगण नळीवर वाकले. रंग गुलाबीच राहिला, आणि माझी मान मी जमेल तितकी ताठ केली. मग डॉक्टरांनी तुलनेसाठी आपले स्वतःचे बोट टोचून दुसरी नळी केली. ती बघता बघता साचलेल्या डबक्यासारखी हिरवट तपकिरी पडली.

डॉक्टर म्हणाले, “झाले. विष नाही आणि भीतीही नाही. शेगडी आहे.”

प्रकरण इथेच मिटायला हवे होते. मिटले नाही, कारण मामा पुढे आले. खांब सोडताना ते थोडे डुलले. लोकांना वाटले ऐटीत चालत आहेत. त्यांनी माझा पंजा धरून सर्वांना दाखवला. नखांत हळद, कातडीच्या रेघांत हळद, स्पिरिटने पुसलेल्या बोटावरही पिवळी झाक. ते म्हणाले, “डाक्टर, हे तं तुमी कुंकू केलं. हळदीत खार पडला का लाल होते, हे आमच्या घरच्या बायाइले ठावं हाय. पोराच्या अंगाले हळद, तुमच्या अंगाले नाई. वायू कायचा आन् काय कायचं?”

मी मामांचा विरोधक आहे, परंतु न्यायाने सांगतो: आक्षेप बिनतोड होता. डॉक्टरांनी चिमूटभर हळद पाण्यात टाकून तिच्यावर सोडा ओतून पाहिला, आणि पाणी लालभडक झाले. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता उतरली. न्यायवैद्यकाच्या तासाला मृतांना हळद लावून आणत नसत, त्यामुळे या अडचणीचा विचार त्या पुस्तकात कोणी केलेला नव्हता. वडिलांनी लगेच भर घातली की डॉक्टरांचे रक्त शहरातले, चहावर पोसलेले. ते काळे पडले यात नवल नाही, त्यावरून आमच्या रक्ताची परीक्षा होत नाही. म्हणजे माझी नळी हळदीने बाद, डॉक्टरांची नळी चहाने बाद.

माझे अंग पुन्हा धुऊन रक्त घ्यावे असे कोणीतरी सुचवले. आत्याने ते मोडून काढले. हळद विधीनेच उतरते, स्पिरिटने उतरवायची नसते, आणि मुलगा आधीच अर्धमेला झालेला असताना आणखी अपशकुन तिला नको होता.

डॉक्टर घाम पुसत म्हणाले, “मला गावातलेच रक्त द्या. ज्याला हळद लागलेली नाही आणि जो त्या खोलीत नव्हता, अशा माणसाचे. ते तपकिरी पडले, तर चहाचा आक्षेप मिटेल, पण मामांचा हळदीचा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. मग शेगडीचे मी शपथेवर सांगणार नाही.”

“मंग आमच्या गाड्या चालल्या,” वडील म्हणाले. पहिली जोडी जुंपून दारात उभीच होती.

सासऱ्यांनी उगाच आकाशाकडे पाहिले. माजघराच्या दाराआड बांगड्या एकदा वाजल्या. नातवाच्या कथेतल्या त्या सुप्रसिद्ध बांगड्या बहुधा ह्याच, आणि त्या ऐकून कोसळण्याचा प्रश्न नव्हता, कारण मी आधीच आडवा होतो.

तेव्हा मामांनी आपली बाही कोपरापर्यंत सारली. रात्रभर आपण कोठीत लाडवांपाशी बसलो होतो, असे त्यांनी सर्वांना बजावले. ना खोलीत पाऊल टाकले, ना दुधाला तोंड लावले, आणि आपल्या लग्नाला आता बरीच वर्षे झाली, हळद कधीच उतरली, असेही ऐकवले. “घ्या माहं रक्त. शुद्ध तुपाचं हाय. कसं काळं पडते ते पाहा, आन् मंग या नवरदेवाले पाण्याचा तांब्या पाजा.” बोट पुढे करून त्यांनी चेहरा मात्र दुसरीकडे वळवला. सुई टोचल्यावर मोठा श्वास घेतला तो मला ऐकू आला. डॉक्टरांनी तिसरी नळी भरली आणि साबणवाल्याने स्वतःच्या हाताने सोड्याचे द्रावण पुढे केले.

यापुढे काय झाले याबद्दल दोन्ही घरांत वाद नाही. नातूही ते नाकारत नाही. माझ्या वडिलांनी आधी नळीकडे, मग मामांच्या डोक्यावरच्या आवळलेल्या उपरण्याकडे पाहिले, आणि गाडीवानाला हात केला. जुंपलेले बैल जुवाखालून सुटले. नंतर त्यांनी मसाल्याचे दूध मागवले आणि ते माजघराच्या दाराकडे तोंड करून, सर्वांना दिसेल असे, प्यायले. त्यांच्या स्वभावात माफी मागण्याची यापेक्षा जवळची रीत नव्हती. माझ्या सासूबाई भावाजवळ गेल्या, त्यांच्या करदोट्याच्या किल्ल्या सोडवून आपल्या कमरेला खोचल्या, आणि इतक्या गोड आवाजात विचारले की तो मला आजही आठवतो, “दादा, शेगडी बरी होती का?” मामा गोठ्यामागे गेले आणि तिथे त्यांना मोठी उलटी झाली. आत्याने स्वतःच्या हाताने झरोक्यातले गोणपाट उपसले. मला मोकळ्या अंगणात बाजेवर निजवून ठेवले, आणि दिवे लागायच्या वेळेला, भटजी कधीचे येऊन बसलेले असताना, माझे लग्न उभ्यानेच लागले. मी पडलो नाही. साक्षीला सारे केनवड होते, आणि तो दुकानदारही होता, जो त्यानंतर कितीतरी बाजार आपल्या सोड्याची तारीफ याच कथेने करत असे.

वाद आहे तो हे सारे कशामुळे झाले याबद्दल. नातू म्हणतो, डॉक्टरांनी गोड बोलून मंडळींची समजूत घातली. त्याचे वडील म्हणत, माझ्या सासऱ्यांनी पाय धरले म्हणून वऱ्हाड थांबले. हल्ली तर त्या घरातली एक शिकलेली सून, स्वतः रसायनशास्त्राची पदवीधर, असेही सुचवते की भीतीनेही रक्ताचा काही रंग बदलत असेल. सुचवू दे. विषाचा पक्ष, भीतीचा पक्ष आणि हळदीचा पक्ष, या तिघांनाही माझे उत्तर एकच आहे, आणि ते सगळ्या अंगणाने पाहिलेले आहे. मामांनी दूध प्यायलेले नव्हते, मामांच्या बोटाला हळद नव्हती, त्या दिवशी मामांचे लग्न नव्हते. आणि तिसऱ्या नळीतले रक्त गुलाबीच राहिले.